एका दांडीच्या दोन झडपा

एक होता थोरला, लाकडाची कपाटं करणारा. एक होता धाकटा, ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करून रंगवणारा. दोघांची एक होती आई, जिला दोघांपैकी कोणाचंच कधी पुरतं पटलं नाही. आणि थोरल्याची एक होती बायको, शाळेची बस चालवणारी. तिला घरात सगळेच वहिनी म्हणायचे, सासूच्या तोंडूनसुद्धा चुकून तेच निघायचं. अशी ही चार माणसं एका घरात राहत होती, आणि त्या घराच्या खालच्या मजल्यावर एक विमान जन्माला येत होतं.

त्या विमानाची मी झडप बोलतेय.

झडप म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जायचं. आमचं विमान लहान, दोन माणसांचं. वर गेलं की ते आपली चाकं पोटात दुमडून घेतं. चाकं आत गेली तरी पोटाला भोक उरतंच. त्या भोकात वारा शिरला की विमान मागे ओढलं जातं, थरथरतं. म्हणून भोकावर दार लागतं. ते दार मी, डाव्या चाकाचं. उजव्या चाकाला दुसरी आहे. तशी ती माझी जुळीच, पण तिला वेगळ्या हातांनी घडवलं आणि वेगळ्या वळणानं वाढवलं, म्हणून मी तिला जाऊबाई म्हणते.

वेगळ्या हातांनी का, त्याचीही गंमत आहे. लहानपणी हे दोघे भाऊ इतके भांडायचे, की आईनं खोलीच्या मधोमध खडूनं रेघ मारली होती. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. पोरं मोठी झाली, मिशा आल्या, रेघ काही गेली नाही. विमान बांधायला घेतलं तेव्हासुद्धा त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध वाटून घेतलं. डावं थोरल्याचं, उजवं धाकट्याचं. मग कोणाची बाजू जास्त गुळगुळीत, यावर रोज चढाओढ. आई जिन्यावरून उतरायची, दोन्हीकडे हात फिरवायची आणि म्हणायची, "दोन्ही सारखंच खरखरीत आहे. चहा घ्या."

मी जन्मले ती काचेच्या कापडाच्या घड्यांतून. साच्यावर कापड अंथरायचं, त्यात रेझिन मुरवायचं, वाळलं की वर दुसरा थर. थोरल्याचा हात नीटस. त्यानं मला पातळ, हलकी, देखणी केली, आणि कपाटाचं दार बसवावं तशी बसवली. चारी बाजूंनी सारखी फट, त्यात पोस्टकार्ड सरकेल एवढीच. जाऊबाईचं उलटं. धाकट्याला पुट्टीचा भारी सोस. पोचा दिसला की भर, खड्डा दिसला की भर. जाऊबाई जाडजूड झाली, पण मजबूत. कोणी तिला वाजवलं तर भरल्या पिंपासारखा आवाज यायचा.

आमच्या दोघींच्या मधे, पोटाच्या आत, एक आडवी दांडी. वहिनीनं बसल्या जागी हँडल ओढलं की चाकं आत यायची, मग दांडी फिरायची आणि दोन सळयांनी आम्हा दोघींना एकदम ओढून मिटवायची. ही दांडी बरोबर मधल्या रेघेवर होती. थोरला म्हणाला ती धाकट्यानं बघितली असेल, धाकटा म्हणाला ती दादानं बघितली असेल. अशी ती कोणाचीच झाली नाही.

बांधणारे दोघे, पण उडवणारी एकटी वहिनी. लग्नाआधीच तिनं विमान शिकून परवाना काढला होता. आठवडाभर बसमधल्या पोरांचा कलकलाट ऐकायचा आणि सुट्टीच्या दिवशी फ्लाइंग क्लबात जायचं, हा तिचा विसावा. म्हणून पहिल्यांदा वर जायचं ठरलं तेव्हा आमच्या पोटावर, पंखांवर, सगळ्यांवर तिचाच जीव टांगलेला होता.

पंख काढून विमान विमानतळाच्या कडेच्या शेडमध्ये नेलं, परत जोडलं. चाकं अधांतरी राहावीत म्हणून विमान लाकडी घोड्यांवर टेकवलं आणि चाकं आतबाहेर केली. आम्ही मिटलो, उघडलो, मिटलो. थोरला बाहेरून मला ढकलून बघायचा आणि मान डोलवायचा. मी एवढीही हलत नव्हते. मलाही वाटलं, आपण पास.

पण वारा ढकलत नाही हो, ओढतो. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

वर गेलो, चाकं आत आली, मी मिटले. विमानानं वेग घेतला आणि पोटाखालून वारा असा ओढायला लागला, जसा पाठीवरचा पदर कोणी धरावा. मी पातळ. माझं मधलं अंग बाहेर फुगलं, कड सुटली, आणि जी खडखड सुरू झाली ती काही केल्या थांबेना. वहिनीला बसल्या जागी पायाखाली कळत होतं. ती परत वळली, चाकं खाली करायला हँडल सोडलं. जाऊबाई उघडली. मी फुगून चौकटीच्या कडेवर चढून बसले होते, तिथेच अडकले. माझ्या मागे डावं चाक दाबलं जात होतं, आणि मला उघडता येत नव्हतं.

वहिनी घाबरली नसेल असं नाही. पण तिचा हात घाबरला नाही. तिनं वेग कमी केला, अजून कमी केला, विमान शिट्टी वाजवायचं थांबलं. वाऱ्याची ओढ ढिली पडली तशी मी कडेवरून घसरले आणि चाकानं मला धाडकन बाहेर लोटलं. माझा कोपरा तडकला. पण चाक खाली आलं. वहिनी उतरली.

शेडपाशी दोघे भाऊ धावत आले. एकानंही वहिनीकडे बघितलं नाही, दोघेही वाकून पोटाखाली बघायला लागले.

"दादा, ही झडप आहे की पुठ्ठा?" धाकटा म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, पातळ आहे."

"आणि तुझी? दगडाची आहे दगडाची! दांडीचा सगळा जोर तुझीच ओढण्यात जातो, माझ्या झडपेच्या वाट्याला काय उरणार?"

"दांडी तू बघितली होतीस."

"मी? मी कशाला बघेन? तू बघणार होतास!"

"मी जिवंत आहे," वहिनी मागून म्हणाली. "कोणी पाणी देणार का?"

पाणी दिलं, पण शब्द वाढत गेले. थोरला म्हणाला, आजपासून माझ्या बाजूला हात लावायचा नाही. धाकटा म्हणाला, तुझ्या बाजूला लावायला माझे हात काही रस्त्यावर पडलेले नाहीत. आणि अबोला पडला.

वहिनीनं त्याच दिवशी हात जोडून सांगितलं, "दोघांनी मिळून नीट करा. तोवर मी बसणार नाही. हे माझं शेवटचं."

दोघांनी ऐकलं. फक्त 'मिळून' तेवढं कोणाच्या कानात शिरलं नाही.

घरात काय चालायचं ते मला वहिनीच्या तोंडून कळायचं. ती दुपारी, शाळा सुटायच्या आधी, कधीकधी शेडमध्ये येऊन आमच्या सावलीत डबा खायची आणि स्वतःशी बोलायची. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून थोरला म्हणे, "त्याला सांग, मीठ इकडे सरकव." धाकटा म्हणे, "त्यांना सांगा, मीठ त्यांच्याच कोपराखाली आहे." आणि आई दोघांच्या पुढ्यातली ताटं उचलून म्हणे, "उपाशी राहा. मग बघू कोणाकडून निरोप धाडता."

कामाच्याही वेळा वाटून घेतल्या. सकाळी दुकान उघडायच्या आधी थोरला शेडमध्ये यायचा, संध्याकाळी गॅरेज बंद करून धाकटा. एकाची सायकल दिसली तर दुसरा फाटकावरून परत फिरायचा.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं बिघडलं ते इथे. मला ओढणाऱ्या सळईला आटे आहेत. ती फिरवली की आखूड होते, आणि आखूड झाली की मी लवकर आणि घट्ट मिटते. थोरल्यानं माझा तडकलेला कोपरा सांधला, सकाळी सळई थोडी आखूड केली. मी टप्प मिटले. तो खूश होऊन दुकानात गेला. पण मी आधी टेकले की दांडी तिथेच अडते! तिला पुढे फिरताच येत नाही. मग जाऊबाईला ओढणार कोण? ती बिचारी अर्धवट उघडी लोंबत राहिली.

संध्याकाळी धाकटा आला, बघतो तर त्याची झडप उघडी.

"हात लावला!" तो शेडच्या भिंतीला म्हणाला. "माझ्या झडपेला हात लावला यानं!"

त्यानं आपली सळई आखूड केली. आता जाऊबाई आधी टेकली आणि मी लोंबायला लागले. सकाळी थोरला आला. "हात लावलान! चांगली घट्ट बसलेली झडप!" त्यानं माझी आणखी आखूड केली. संध्याकाळी धाकट्यानं तिची आणखी.

असं कितीतरी दिवस चाललं. धाकट्यानं आपल्या सळईवर रंगकामाची कागदी पट्टी चिकटवली, चोर पकडायला. दुसऱ्या संध्याकाळी पट्टी जशीच्या तशी आणि झडप उघडी. तो डोक्याला हात लावून पिंपावर बसला. मला इतकं वाटायचं की ओरडावं, अरे बाबांनो, तुमच्यात चोर कोणी नाही, आम्ही दोघी एकाच दांडीच्या आहोत! पण आम्हाला वाजता येतं, बोलता येत नाही.

शेवटी दोन्ही सळयांचे आटे संपले. फिरवायला काही उरलंच नाही.

मग थोरल्यानं विमान विकायला काढलं आणि एक माणूस येऊन ते बघून गेला. त्याला फक्त इंजिन हवं होतं. "बाकीचं तुम्हीच ठेवा," म्हणाला, "कोंबड्यांना खुराडं होईल." थोरल्यानं त्याला रविवारी यायला सांगितलं. धाकट्याच्या कानावर हे गेलं तसं त्यानं आईला सांगून टाकलं, की लांबच्या शहरात एका मोठ्या गॅरेजात बोलावलंय, विमान गेलं की मीही जातो. आदल्या आठवड्यात धुतलेल्या त्याच्या कपड्यांना आईनं परत इस्त्री केली, एवढंच वहिनी मला सांगत होती.

ते सांगायला ती शनिवारी दुपारी आली होती. खरं म्हणजे बसायची उशी काढून न्यायला आली होती, कारण उद्या इंजिन जाणार. विमान घोड्यांवर होतं, चाकं अधांतरी. ती शेवटचं म्हणून आत बसली आणि सवयीनं हँडल ओढलं. हँडल खाचेपर्यंत पोचलंच नाही. अलीकडेच थांबलं.

तिनं ते परत ओढून बघितलं, तरी तिथेच. मग उतरून खाली वाकली. मी मिटलेली, जाऊबाई उघडी. तिनं जाऊबाईला तळहातानं दाबलं, ती जाईना. मग वहिनीनं काय केलं असेल? माझ्या सळईची पिनच काढून टाकली! मला एकदम मोकळी सोडली. परत आत जाऊन हँडल ओढलं, ते सरळ खाचेत बसलं आणि जाऊबाई टप्प मिटली.

वहिनी तिथेच फरशीवर बसून हसायला लागली. पोट धरून हसली.

"अगं बाई," ती आमच्याशीच बोलत होती. "बसचं दार! माझ्या बसचं दार!"

तिच्या बसचं दार दोन पाटांचं, एकाच दांडीवर चालणारं. एखाद्या पोराचं दप्तर एका पाटात अडकलं की दुसरा पाटही मिटायचा थांबतो. रोज बघत होती ती हे. पण तिला दार बंद करताना कधी कोणी म्हटलं नव्हतं की ही अर्धी बस माझी आणि ती अर्धी तुझी.

ती गेली आणि शाळेची मुलं घरी पोचवून परत आली ती वरातच घेऊन. एकाला सांगितलं होतं तुमची हत्यारं उचलायची आहेत, दुसऱ्याला सांगितलं होतं तुमची हत्यारं उचलायची आहेत. बरोबर आईही होती. शेडमध्ये आई पहिल्यांदाच आली. तिनं रंगाचा डबा पालथा घातला आणि त्यावर बसली.

"मी आत बसून हँडल ओढणार," वहिनी म्हणाली. "तुम्ही दोघे दोन बाजूंना उताणे झोपा. दोन्ही सळया आधी पार सैल करा. मग एकेक फेर घट्ट करत यायचं, आणि दोन्ही झडपा एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. एक जरी आधी टेकली तर दुसरी उघडी राहते. आजवर तुम्ही एकमेकांची झडप उघडत होतात. हात न लावता."

दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. धाकट्यानं त्या कागदी पट्टीकडे बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला.

झोपले. मधे विमानाचं पोट, एकाला दुसरा दिसेना. वहिनीनं हँडल ओढलं.

"टेकली गं," थोरला म्हणाला.

"मला नको सांगूस. मला आत काही ऐकू येत नाही. ज्याला ऐकायचंय त्याला सांग."

थोरल्याच्या छातीवर पाना वरखाली होत होता.

"तोंडात काय रबर कोंबलंय का रे दोघांनी?" आई डब्यावरून म्हणाली. "रेघ मी मारली होती, आणि मीच सांगते, ती खोलीपुरती होती. बोला!"

"...माझी टेकली," थोरला छताकडे बघत म्हणाला.

"माझी अजून नखभर लांब आहे."

"मग मी अर्धा फेर सोडतो."

"सोड. ...जास्त सोडलास, दादा."

"बरं, पाव फेर घेतो. आता?"

"आता टेकली. तुझी?"

"माझीही."

हे असं सुरू झालं ते थांबेचना. दोघी एकदम टेकलो तेव्हा 'टप्प' असा एकच आवाज आला, दोन नाही. धाकटा सरपटत पोटाखालून डावीकडे आला आणि पहिल्यांदा त्यानं मला हात लावला. हात खरखरीत, पण नेमका.

"दादा, तू ढकलून बघतोस. वारा ढकलत नाही ना, ओढतो. थांब."

त्यानं गॅरेजमधली रबरी वाटी आणली. गाडीच्या पत्र्याला चिकटवून पोचा बाहेर ओढायची असते ती. थुंकी लावून माझ्या पोटावर चिकटवली आणि ओढली. मी लगेच फुगले, कड सुटली, थोरल्याला डोळ्यांनी दिसलं.

"अरेच्चा," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण ऐकायला बरं वाटलं.

मग धाकट्यानं माझ्या आतल्या अंगाला आडव्या पट्ट्या घातल्या, काचेच्या कापडाच्या, की मी फुगू नये. थोरल्यानं रंधा घ्यावा तशा हलक्या हातानं जाऊबाईची जास्तीची पुट्टी घासून उतरवली. "एवढी पुट्टी कोण भरतं रे?" "जो पुठ्ठ्याची झडप करत नाही तो." अशी बोलणी चालली होती, आणि आई उगाचच पदरानं डोळे पुसत म्हणत होती, काय तो रंगाचा वास. आमच्या कडांना रबराची पट्टी आली. टेकल्यावर हँडल अजून एक खाच पुढे जाईल अशी सोय झाली, म्हणजे आम्ही नुसत्या मिटायचो नाही, दाबून बसायचो.

रविवारी तो माणूस आला तेव्हा पोटाखालून चार पाय बाहेर आलेले होते.

"इंजिन न्यायला आलोय," तो म्हणाला.

"ते कामात आहे," आई म्हणाली. "खुराडं आम्हाला नकोय, आमच्याकडे कोंबड्याही नाहीत. चहा घेऊन जा."

रेझिन वाळलं. पुन्हा पुन्हा रबरी वाटी लावून ओढून बघितलं, मी हलले नाही. तपासणारे साहेब आले, त्यांनी वाकून, बोट घालून, हँडल मारून सगळं पाहिलं. आणि एका वाऱ्याच्या सकाळी वहिनी, कोणी न सांगता, आपली उशी घेऊन आत बसली.

वर गेलो. चाकं आत आली. टप्प. वेग वाढला, वारा आला, धरलंन मला आणि ओढलंन. मी दाबून बसले. पलीकडे जाऊबाई बसली होती. ओढ, बाबा, किती ओढायचं ते ओढ! पायाखाली आवाज नाही म्हणून वहिनीच काळजीत पडली. झडप तुटून पडली तर नाही ना, असं तिला वाटलं म्हणे! तिनं दूरवर एक फेरा घेतला, मग दुसरा, मुद्दाम जोरात. मग चाकं खाली. दोघी एकदम उघडलो, जशी माणसं पाहुण्याला दार उघडतात. चाकं जमिनीला लागली.

यावेळी दोघे भाऊ धावत आले ते पोटाखाली वाकले नाहीत. थोरल्यानं पाण्याची बाटली आणली होती.

आता बरीच विमानं त्या धावपट्टीवर माझ्या शेजारी उभी असतात. घरी बांधलेल्या विमानांच्या झडपा कुठे कुठे फुगतात, कुठे चाकावर घासतात, कुठे अर्ध्या राहतात, ते सगळं विचारायला त्यांचे मालक आता आमच्या दोघा भावांकडे येतात. धाकट्याची बॅग माळ्यावर गेली. खालच्या मजल्यावर कपाटांपेक्षा झडपाच जास्त बनायला लागल्या, आणि कुठली डावी कुठली उजवी याचा हिशेब आता कोणी ठेवत नाही. वहिनीनं दोघांनाही वर फिरवून आणलं. आधी कोण, यावर थोडं भांडण झालं, पण 'आधी तू, आधी तू' असं.

खड्यांनी माझ्या रंगाचे टवके उडालेत. कोपऱ्यावरचा सांधा उन्हात दिसतो. तरी मला दुसरी झडप व्हायचं नाही. कधी पोटाला दोन झडपा असलेलं लहान पांढरं विमान दिसलं तर जरा वाकून बघा. बोट मात्र फटीत घालू नका, आम्ही दाबून बसतो.

आज वहिनीच्या बाजूच्या खुर्चीवर आई बसली आहे. कानाला तो मोठा हेडफोन लावलाय, हातात पर्स घट्ट धरलीय आणि विचारतेय, "वरून आपलं घर दिसेल ना गं?"

"दिसेल की, आई. छतावर दोघे उभे राहणार आहेत, हात हलवायला."

"एकमेकांना ढकलतील मेले," आई म्हणाली आणि खुदकन हसली.

धावपट्टी मागे पडली. वहिनीचा हात हँडलवर गेला. चाकं येताहेत आत. जाऊबाई, हो तयार.

येते मी. टप्प.